मास्तरांचं तिसरं मत

माझ्या मामाला सगळे मास्तर म्हणतात, पण त्याने आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. तो सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट दुरुस्त करतो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोघं आत आले की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. सॅक्सोफोनच्या कळांखाली चामड्याच्या गोल गाद्या असतात, भोकं घट्ट बंद करायला. मामा नळीत एक बारीक दिवा सोडतो, खोलीतला मालवतो, आणि कोणत्या गादीखालून उजेड झिरपतो ते बघत बसतो. जिथून उजेड, तिथून हवा. आणि हवा गेली की सूर गेला. चाळीस वर्षं हेच काम.

त्याआधी तो स्वतः वाजवायचा. दर शनिवारी दुपारी एका हॉटेलात त्यांचा जॅझचा बँड असे. मामाची बोटं अशी पळायची की जेवणारे हातातले चमचे खाली ठेवायचे. बँडमधल्यांनी त्याचं नाव पाडलं, 'शिलाई मशीन'. मामाला वाटलं कौतुक आहे. चार वर्षं तो ते नाव बिल्ल्यासारखं मिरवत होता. मग एकदा पियानो वाजवणाऱ्या बाई सामान आवरता आवरता त्याला म्हणाल्या, "तू काय वाजवतोस ते मला मोजता येतं रे. ऐकता येत नाही."

मामाचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या शनिवारी तो गेलाच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ज्या दुकानात वाद्य दुरुस्तीला टाकायचा, तिथेच कामाला लागला आणि पुढे ते दुकान त्याचंच झालं.

मामी कपडे शिवते. लग्नानंतर तिला ही हकीकत कळली तेव्हा ती फणकारली, "मशीनला कशाला नावं ठेवता? हाताने शिवलेलं सगळंच काय सुंदर असतं?" मामा हसला, पण पटलं नव्हतं. 'आपण नुसती कसरत करत होतो' हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आणि दुसरं कुणी वेगात वाजवू लागलं की तो कानात बोळे घातल्यासारखा चेहरा करायचा.

तीन वर्षांपूर्वी संगीतशाळेच्या जॅझ स्पर्धेत एक परीक्षक आजारी पडले. शाळेच्या मुख्याध्यापिका धावत दुकानात आल्या. "मास्तर, नाही म्हणू नका. तुमच्याइतका कान कुणाचा?"

"बाई, मी गाद्या बदलतो. माणसं तपासत नाही."

"एकदा तपासा."

मामा इस्त्रीचा सदरा घालून गेला आणि मला सोबतीला घेऊन गेला. गुणांचा कागद हातात पडल्यावर त्याने मला हळूच दाखवला: अवघडपणाला चाळीस, अचूकपणाला चाळीस, भावाला वीस. "बघ," तो कुजबुजला, "भाव म्हणजे चवीपुरतं मीठ."

सकाळी पहिली फेरी झाली, दुपारी शेवटची. शेवटी उरले दोघं. एक दवाखान्यात रक्त तपासणारी मुलगी. जाड चष्मा, आणि बोटं अशी की नजर पोहोचेपर्यंत पुढच्या सुरावर. दुसरे बसचे ड्रायव्हर, मामाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एक संथ धून वाजवली. अख्ख्या धुनेत मोजून सात-आठ सूर असतील, पण मधे एका लांब सुरावर त्यांचा श्वास थरथरला आणि सभागृहात रुमाल निघाले. मीही डोळे पुसले.

मग परीक्षक आतल्या खोलीत बसले. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते, सगळं ऐकू येत होतं. महाविद्यालयात संगीत शिकवणारे प्राध्यापक म्हणाले, "मुलगी. जे तिने वाजवलं ते वाजवायला दहा वर्षं जातात. एका ठिकाणी सूर फाटला, त्याचे चार गुण कापलेत, तरी पुढेच आहे."

रेडिओवर जॅझचा कार्यक्रम करणारे गृहस्थ उसळले. "अहो, ही काय सर्कस आहे? ड्रायव्हरने लोकांना रडवलं. मुलगी म्हणजे नुसतं शिलाई मशीन!"

मामाचा हात कागदावर थांबला. नंतर तो मला म्हणाला, की तोवर तो ड्रायव्हरसाहेबांनाच गुण देणार होता. तो शब्द कानावर पडला आणि त्याने स्वतःलाच विचारलं, अरे, तू मुलीला ऐकलंस तरी का? की वेग दिसला आणि कान मिटलेस?

"तो फाटलेला सूर," मामा सावकाश म्हणाला, "आठवतो का तुम्हाला? तिने तो झाकला नाही. परत गेली, तोच सूर मुद्दाम तसाच काढला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा त्याचा हात धरून भलत्याच वाटेला निघाली. ते तिने घरून आणलं नव्हतं. तिथे सापडलं तिला."

रेडिओवाले म्हणाले, "आणि ड्रायव्हर?"

"सकाळी हीच धून वाजवली तेव्हाही श्वास तिथेच थरथरला होता. त्याच सुरावर, तेवढाच." मामाला हे बोलताना त्रास होत होता. "खोटं नाही म्हणत मी. पण पाठ झालंय. अवघड आहे म्हणून मोठं नसतं, तसं सोपं आहे म्हणून खोलही नसतं हो."

मुलीला पहिला क्रमांक मिळाला. लोकांनी टाळ्या हात राखून वाजवल्या. ड्रायव्हरसाहेब मामाकडे न बघता निघून गेले. कुणीतरी मामाचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं असावं, कारण पुढे सहा महिने ते दुकानाकडे फिरकले नाहीत. मामाला चैन पडेना. "तोंड आवरायला हवं होतं का गं?" तो मामीला विचारायचा. मामी दातातली टाचणी काढून म्हणायची, "खरं बोललात ना? मग आता सोसा."

एका दुपारी मी दुकानात डबा घेऊन गेले होते, तेव्हा दारात ड्रायव्हरसाहेब उभे. खांद्यावर वाद्याची पेटी. "खालचा सूर अडखळतोय, मास्तर."

मामाने दिवा नळीत सोडला. अंधारात दोघं वाद्यावर वाकले. ड्रायव्हरसाहेबच आधी बोलले.

"तुम्ही म्हणालात ते खरं आहे. आमची ही गेली त्या आठवड्यात ती धून पहिल्यांदा तशी वाजली. मग मी तशीच धरून ठेवली. बदलली तर ही अजून लांब जाईल असं वाटायचं."

मामाने गादीवरून बोट फिरवलं. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "माहीत असतं तरी गुण तेवढेच दिले असते. पण तुमच्या घरी येऊन सांगितले असते."

ड्रायव्हरसाहेब हसले. गादी बदलून झाल्यावर त्यांनी तीच धून सुरू केली. लांब सूर आला, आणि या वेळी त्यांनी तो लवकर सोडला. पुढे काय करावं सुचेना, गडबडले, एक भलताच सूर निघाला. "गेलं," ते म्हणाले.

"जाऊ द्या. वाजवा पुढे."

ते पुढे वाजवत राहिले. मामाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं, डबा उघडला आणि मला खूण केली, आणखी एक ताटली आण.