खिळ्यावरचा बिल्ला

चाकणच्या अख्ख्या औद्योगिक पट्ट्यात ढगातल्या फाइलसाठी भिंतीत खिळा ठोकणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मूळचे मोशीचे, टूलरूममध्ये मशिनवर हात काळे करत करत डिझाइन ऑफिसात चढलेले, आणि निवृत्तीनंतरही वर्षावर्षाच्या करारानं टिकून राहिलेले. टूलरूमचा जुना रिवाज असा, की अवजार घेतलं की त्याच्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. म्हणजे ते कुणाकडे आहे हे न विचारता कळतं. आमची ड्रॉइंगं क्लाउडवरच्या सामाईक फोल्डरमध्ये गेली आणि दोघांनी एकदम उघडून सेव्ह केलेल्या फाइलच्या दोन-दोन प्रती होऊ लागल्या, तेव्हा काकांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर फळी लावली. प्रत्येक फाइलच्या नावाचा एक खिळा. फाइल उघडायची तर आधी उठून बिल्ला अडकवायचा, बंद केली की बिल्ला परत खिशात. आम्ही इंजिनिअर मंडळी खो खो हसलो. "हसा लेको," काका म्हणाले, "एका खुर्चीवर दोघं बसलं, की एक जण खाली पडतोच."

मग आमच्यामागे शिस्तीचं शुक्लकाष्ठ लागलं. फाइल उघडी ठेवून कुणी उठला, की काका त्याच्या मागून ओरडायचे, "फाइल उघडी टाकून च्याला निघालास व्हय? उद्या नळ चालू ठेवून गावाला जाशील!" फाइलच्या नावात 'फायनल' लिहिलेलं त्यांना मुळीच खपत नसे. मी एकदा 'खरंच फायनल' असं नाव दिलं, तर ते त्यांनी साऱ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "मग आधीची काय खोटंच फायनल व्हती का रं?" सेव्ह केलेली फाइल वर पोचून हिरवी खूण येईस्तोवर ते कुणाला जागचं हलू देत नसत. एकदा नेट मंदावलं आणि खाली कंपनीची बस हॉर्न वाजवून वाजवून थकली. शेवटी ड्रायव्हर स्वतः वर आला, तर काका दारात आडवे. "खूण येऊ दे, मग ने समद्यांना." खूण आली तोवर ड्रायव्हरचा दोनदा चहा झाला होता. घरी काकूंच्या आणि त्यांच्या मोबाइलवर किराण्याची एकच यादी होती, तिच्यासाठीही स्वयंपाकघरात खिळा होता म्हणे. काकू मला म्हणाल्या, "बिल्ला शोधंस्तवर दुकान बंद व्हतंय, भाऊ. मी आपली तोंडानं सांगून मोकळी होते."

आणि हेच काका चुकले.

एका रविवारी ओव्हरटाइमला प्रज्ञा एकटीच आली होती. संत तुकाराम नगरची मुलगी. वडिलांची कारखान्यातली नोकरी सुटलेली, घर हिच्या पगारावर चाललेलं, आणि त्याच आठवड्यात ती नोकरीत कायम व्हायची होती. तिनं रीतसर बिल्ला अडकवला, एका फिक्स्चरची, म्हणजे मशिनवर भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीची, फाइल उघडली आणि भोकांच्या जागा दुरुस्त केल्या. त्याच दुपारी मोशीत घरी बसल्या बसल्या काकांना त्याच ड्रॉइंगमधली एक रेघ खटकली. फळी चाकणला, बिल्ला खिशात, आणि रविवारी कोण मरायला येतंय कामावर! त्यांनी लॅपटॉपवर रेघ हलवली आणि सेव्ह केलं. फाइलच्या दोन प्रती झाल्या. सोमवारी मशिनवर नेमकी काकांची, जुन्या भोकांची प्रत गेली आणि जाडजूड पोलादी प्लेट भंगारात निघाली. ग्राहकाची ट्रायल लांबली. मॅनेजरसाहेब तणतणत आले. रविवारी हजेरी एकट्या प्रज्ञाची, म्हणजे चूकही तिचीच, असा त्यांनी निकाल लावला. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

मी फोल्डर उघडून पाहिलं. मशिनवर गेलेल्या प्रतीच्या नावाला कॉम्प्युटरनं इमानेइतबारे काकांचं नाव जोडलं होतं. काकांच्या कराराचा कागद त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. मी हळूच म्हणालो, "काका, नाव बदलून टाकू का? कुणाला कळायचं नाही."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाव बदललं म्हंजी प्लेटची भोकं बुजत्यात का रं?"

आणि ते उठून केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हां सगळ्यांना ऐकू आलं. "पोरीनं नियम पाळला, साहेब. मोडला मी. घरी फळी न्हाई, म्हणून वाटलं आपून एकटंच हाय."

प्रज्ञा कायम झाली. काकांना साहेबांनी फार गोड शब्दांत, 'आता आराम करा' म्हणून सांगितलं आणि महिनाअखेरीस शाल-श्रीफळ दिलं. शेजारच्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसतं. मला काकांची फार आठवण येते, त्यात लपवायचं काय? कधी कधी वाटतं, त्या दिवशी विचारायलाच नको होतं. गुपचूप नाव बदलून टाकलं असतं, तर काका आजही माझ्यावर खेकसत असते. मग समोर मान खाली घालून काम करणारी प्रज्ञा दिसते, आणि मी निमूटपणे माझ्या ड्रॉइंगकडे वळतो.