वानफूदादाचे पाठीमागचे हात

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी गेला, तरी लू वानफू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. बसायला स्टूल दिलं तरी हात मागेच. सकाळी माझ्या तव्यापुढून अर्धं गाव जातं. मी मक्याची पातळ धिरडी घालता घालता जरा वळले, की जो तो चवडीतलं एखादं उचलतो, त्यात कांद्याची पात गुंडाळतो आणि खात खात पुढे जातो. मी ओरडते, "मेल्यांनो, बायका उपाशी ठेवतात का घरी?" माझं ओरडणं ऐकल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. वानफूदादाने मात्र कधी धिरडं उचललं नाही. "वहिनी, एक द्या," म्हणायचा, आणि मी समोर धरेपर्यंत त्याचे हात मागून पुढे यायचे नाहीत.

याला कारण त्याचा पहिला वाढदिवस. त्या दिवशी आमच्याकडे पोराला चटईवर सोडतात आणि पुढ्यात कुंचला, पुस्तक, कात्री, मोजपट्टी, हिशेबाच्या मण्यांची पाटी असं काय काय मांडतात. पोर पहिलं जे उचलेल ते त्याचं नशीब. माझ्या नवऱ्याने उकडलेला पाव उचलला होता, आणि आजतागायत तो दुसरं काही करत नाही. वानफूने मात्र पुढ्यातलं सगळं सोडलं, रांगत परगावच्या पाहुण्या मास्तरांकडे गेला आणि त्यांच्या खिशातलं साखळीचं घड्याळ ओढून काढलं. सगळे पोट धरधरून हसले. हसता हसता कुणीतरी म्हणालं, "हा तर जन्मजात चोर!" झालं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं लंपास लू.

मग गावात काहीही हरवो. कुदळ सापडत नाही? लंपासकडे बघा. पीठगिरणीवाल्या फांगची कोंबडी नाहीशी झाली तेव्हा तर चार माणसं वानफूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तीन आठवड्यांनी कोंबडी आपली आपण कडब्याच्या गंजीमागून अकरा पिल्लं घेऊन डौलात बाहेर आली. कुणी वानफूची माफी मागितली? नाव नको. मी तरी कुठली मोठी शहाणी! वानफू तव्यापुढे उभा असला, की मीही धिरड्यांवर एक डोळा ठेवायचीच. खोटं कशाला बोलू?

त्यात आमचा जिल्हा पडला शानतुंग प्रांतातला, विद्वानांचा. माणूस मुळात चांगला की मुळात वाईट, यावर इथे दोन हजार वर्षांपूर्वी मोठमोठे गुरू भांडले म्हणे. ते गेले, भांडण आमच्या चौकातल्या झाडाखाली ठेवून गेले. रोज संध्याकाळी रिटायर झालेले यान मास्तर म्हणणार, "माणूस जन्मतः चांगलाच! वानफूलाच बघा. साठ वर्षांत कुणाची काडी उचलली नाही." त्यावर फांग म्हणणार, "उचलेल कशी? साठ वर्षं आपण डोळ्यांत तेल घालून बसलोय! एक दिवस डोळे मिटा, मग सांगा." आणि वानफू तिथेच, दोघांच्या मधे, हात मागे बांधून बसलेला! जिवंत माणसाचा असा पुरावा करून ठेवला होता. मी एकदा म्हटलं, "अहो, त्याला एकदा विचारा तरी." तर दोघेही माझ्यावरच खेकसले, "तुम्ही धिरड्यांकडे बघा."

गावात रंगीत टीव्ही आला त्या साली वानफूला नात झाली. दौदौ. एकुलती एक, गालांचे नुसते लाडू. वानफू तिला खांद्यावर घेऊन असा चालायचा की बघत राहावं. नातीला धरायला तेवढे त्याचे हात पुढे यायचे.

पण वर्ष भरत आलं तसा तो वाळायला लागला. एका दुपारी माझ्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, सून म्हणाली, बाबा, त्या दिवशी तुम्ही जरा मागेच बसा."

"का म्हणून?"

"तिच्या माहेरचे येणार. गाव ते लंपासचं नाव काढणार. ती वाईट नाही हो, घाबरलीय." मग हळूच म्हणाला, "मीही घाबरलोय. पोरीने माझ्यासारखंच काही केलं तर? माझं आयुष्य गेलं, गेलं. तिच्यामागे हे नाव लागायला नको. मला सहन व्हायचं नाही."

पण मी रडणारी बाई नव्हे. "मग पोरीला शिकवा की!" म्हटलं. "कुंचल्याला मध लावा. महिनाभर सवय झाली, की त्या दिवशी सरळ कुंचल्यावर झडप घालेल."

"ही लबाडी झाली, वहिनी."

"झाली तर झाली. लंपास म्हणतातच ना? एवढं तरी करून घ्या."

मग महिनाभर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आमची शाळा भरली. सुनेला दिसू नये म्हणून वानफू मधाचा कुंचला कोटाच्या वरच्या खिशात घालून आणायचा. दौदौ खिशातून कुंचला ओढायची, चोखायची, आणि वानफू म्हणायचा, "शाब्बास! आता आजोबांना दे." तिने दिला, की तो तिला डोक्यावर घेऊन नाचायचा. मी टाळ्या वाजवायची. दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडू नये? पोरगी काय शिकत होती ते आम्हाला समोर दिसत होतं आणि कळत नव्हतं!

वाढदिवसाला अंगण भरलं. सुनेच्या माहेरचे पुढे, यान मास्तर आणि फांग त्यांच्या शेजारी, आणि वानफू पार मागे, भिंतीला टेकून, हात पाठीशी. मी चटईवर कुंचला ठेवताना त्याला मधात चांगला बुडवून ठेवला होता. दौदौला सोडलं. ती निघाली, कुंचल्यापाशी आली, थांबली. तिने कुंचल्यावर गुडघा दिला आणि पुढे गेली.

पुढे फांग वाकून बघत होता. त्याच्या वरच्या खिशातून लांब दांड्याची पितळी चिलीम डोकावत होती.

तेव्हा कुठे मला कळलं. "अगंबाई!" म्हणेपर्यंत पोरीने चिलीम ओढून काढलीसुद्धा.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. फांगने तोंड उघडलं आणि "रक्तच—" एवढं म्हणून थांबला, कारण दौदौ चिलीम घेऊन वळली होती. पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत ती भिंतीपर्यंत गेली, आजोबांच्या पायजम्याला धरून उभी राहिली आणि चिलीम वर केली. घे.

वानफूचे हात हलेनात. दुसऱ्याची वस्तू, आणि सगळं गाव बघतंय! साठ वर्षांची सवय. पोरगी ओठ काढायला लागली. वानफूच्या कपाळावर घाम डवरला, तरी हात मागेच.

तेवढ्यात कोपऱ्यातून शेन आजी बोलली. वय चौऱ्याऐंशी. गावात तिच्याहून म्हातारं एकच, ते चौकातलं झाड.

"वानफू, हात पुढे कर. तूही असंच केलं होतंस."

"काय केलं होतं?" वानफूने विचारलं.

"घड्याळ नेऊन आईच्या हातात दिलं होतंस. हे सगळे हसण्यात गुंग. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं."

फांग म्हणाला, "अगं आजी, मग साठ वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तुम्ही आपले रोज चांगला की वाईट, चांगला की वाईट करत बसलात. ते पोर पुढे काय करतंय, एवढं बघायला घटकाभर थांबला असता तर?"

वानफूने हात पुढे केले. त्याने चिलीम घेतली, नातीला उचललं आणि फांगपाशी जाऊन चिलीम त्याच्या हातात दिली. फांगने ती घेतली, उलटसुलट केली, परत खिशात ठेवायला गेला आणि ठेवलीच नाही. "राहू दे पोरीकडे, खेळेल," म्हणाला. यान मास्तर जिंकल्याच्या थाटात काही बोलायला उठले होते. सून त्यांच्या आधी उठली. सासऱ्याचा हात धरून तिने त्याला पुढे आणलं आणि आपल्या वडिलांच्या शेजारी बसवलं. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं होतं, लूची नात देणारी निघाली.

आजीला घरी पोचवायला मी गेले. वाटेत विचारलं, "आजी, खरंच पाहिलं होतंस?"

"कसलं पाहतेय! नवी सून मी. चुलीपाशी शेवया उकडत होते. हसणं तेवढं ऐकलं."

"म्हणजे खोटं बोललीस? भर अंगणात? या वयात?"

"मग कोणत्या वयात बोलू?" म्हातारी उखडली. "आणि पोरगी स्वतःहून देत होती ना? ते तर खरं?"

तेही कसं खरं होतं ते मला माहीत. वानफूने ते ओळखलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तर हे असं. माणूस मुळात चांगला की वाईट याचा आमच्या गावातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एक मधाचा कुंचला आणि एक थाप. दोन्ही मी पोटात ठेवलं. यान मास्तर आणि फांग अजून भांडतातच. भांडोत बापडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तव्यावर पीठ पसरत होते. पाठीमागे कुणीतरी उभं राहिलं. "वहिनी, एक द्या," याची वाट बघत मी थांबले. कुणी काही बोललं नाही. वळून बघितलं तर वानफूदादा चवडीतलं वरचं धिरडं उचलून, त्यात कांद्याची पात गुंडाळून, खात खात निघाला होता.

माझे डोळे भरून आले. मग मी जोरात ओरडले, "मेल्या, सून उपाशी ठेवते का रे घरी?"

त्याने मागे न बघता हात वर करून हलवला.