टेलरमास्तरांचं शनिवारचं टेबल

आमच्या मास्तरांकडे तुम्ही कोट शिवायला टाकलात, तर माप घेताना ते आधी तुम्हाला हात वर करायला लावतील, मग पुढे, आणि मग हवेतच काहीतरी जोरजोरात घुसळायला लावतील. नवं गिऱ्हाईक बिचारं घाबरून माझ्याकडे बघतं. मी काजं करता करता आतून ओरडते, "करा हो, चावत नाहीत ते!"

ही खोड लागली चौकातल्या हॉटेलामुळे. तिथल्या बारमधल्या पोरांची जाकिटं आमच्याकडे शिवायला यायची आणि थोड्याच दिवसांत मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो तिथे, उसवून परत यायची. मास्तरांची झोप उडाली. त्यांनी शिवलेलं उसवतं म्हणजे काय! शेवटी एक दिवस स्वतः तिथे गेले, बारवाल्याच्या हातातला पेयं घुसळायचा शेकर मागून घेतला आणि लागले हलवायला. खांदा कुठे ओढतो, कोपर कुठवर जातं, हे कळल्याशिवाय मुंढा कापायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर जाकिटं कधी उसवली नाहीत. पण शेकर मात्र यांच्या हातातून सुटला नाही तो नाहीच.

तेव्हापासून आमच्याकडे शनिवार असा असतो. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, कापायच्या टेबलावरचे खडू-पट्ट्या बाजूला होतात, वर मेणकापड पडतं आणि मास्तर बाह्या दुमडून पलीकडे उभे. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई येतात, समोरचा बेकरीवाला येतो. येताना तो पावाच्या साच्यात गोठवलेली बर्फाची अख्खी लादी घेऊन येतो, कारण फ्रिजमधला चुरा मास्तरांना चालत नाही. तो लगेच वितळतो आणि पेय पाणचट होतं म्हणे. पाकाचं माप काय, तर बोटात घालायचं अंगुस्तान! ताज्या लिंबाचा रस, जिन आणि दोन अंगुस्तानं पाक, की झालं माझं गिमलेट. बेकरीवाल्याला मोहितो लागतो. त्यासाठी पुदिना कुस्करलेला यांना खपत नाही, दोन तळव्यांमध्ये एक टाळी वाजवायची, बस. "पुदिन्याला मारायचं नसतं गं, नुसतं जागं करायचं." संत्र्याची साल नागमोडी कात्रीने कापतात. त्याच कात्रीने कापड कापायला घेतलं की मी जो काही गोंधळ घालते, तो बेकरीपर्यंत ऐकू जातो.

पण आज सांगायचंय ते धाकट्या भाऊजींचं. म्हणजे माझे दीर, यांचे सख्खे भाऊ. टपालाची गाडी चालवतात. लाखमोलाचा माणूस, पण एके काळी दारूने पार पोखरला होता. एका शनिवारी याच टेबलावर त्यांनी लाल वाइनचा भरलेला ग्लास एका नवऱ्या मुलाच्या शिवून ठेवलेल्या पांढऱ्या सुटावर सांडला. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न! मग काय, व्हायचा तो तमाशा झाला. भाऊजी गेले ते पुन्हा उंबऱ्याला पाय लावला नाही. पुढे त्यांनी दारू सोडली. अगदी खरोखर सोडली. फोनवर भाऊ भाऊ बोलायचे, पण घरी ये म्हटलं की ते भलतंच काहीतरी बोलत बसायचे.

आणि परवा त्यांचाच फोन. "दादा, येऊ का? या शनिवारी नको, पुढच्या."

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यातली मी. मी फोन हिसकावूनच घेतला. "भाऊजी, अहो रविवार आहे, सोमवार आहे! शनिवारच कशाला?"

"शनिवारच हवाय, वहिनी. मी कुठेही गेलो की लोक बाटल्या लपवतात. गप्पा बंद करतात. मला सरबत देऊन कोपऱ्यात बसवतात आणि आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. मला पाहुणा म्हणून यायचंय."

मी फोन परत दिला. मास्तर तर नाचायचेच बाकी होते. "त्याने शनिवार मागितला! ऐकलंस ना? त्याने स्वतः मागितला!" गळ्यातला टेप हातात गुंडाळत, सोडत दुकानभर फिरत होते. मग एकदम थांबले. "सरबत नाही द्यायचं त्याला. त्याच्या मापाचं पेय करायचं. दारूचा थेंब नाही, पण ग्लास इतरांसारखाच, रुबाबही तसाच." त्यांच्या मनात काय होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. हे जमलं तर भाऊ घरात परत. फसलं तर तो पुन्हा कधी येईल, कोणास ठाऊक.

मग सुरू झाल्या ट्रायली, आणि गिऱ्हाईक कोण, तर मी! गार केलेला कडक कोरा चहा, त्यात काकडी, लिंबू, पाक, वरून सोडा. मी घोट घ्यायचा आणि यांनी खडू कानामागे लावून विचारायचं, "घशाला कुठे ओढतंय का? जिभेवर सैल वाटतंय?" लिंबू वाढव, पाक कमी कर, चहा जरा जास्त मुरू दे. चहा पिऊन पिऊन माझी झोप उडाली. "अहो, मी बायको आहे की शोकेसमधला पुतळा?" म्हटलं, तर म्हणाले, "पुतळा तक्रार तरी करत नाही."

आणि एका दुपारी जमलं! मी मशिनवर बसले होते. हे ग्लास घेऊन धावत आले, खिडकीत मुरायला ठेवलेल्या अर्काच्या काळ्या बाटलीतून ड्रॉपरने चार थेंब टाकले आणि म्हणाले, "घे." मी घोट घेतला आणि उठूनच उभी राहिले. आधी लिंबू, मग काकडीचा गारवा, आणि शेवटी मागून हळूच येणारा संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. "अहो, आत्ता अस्तर लागलं याला!" मी ओरडले. यांनी मला धरून गरकन फिरवलं. या वयात!

शनिवार उजाडला. भाऊजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लिंबांची पिशवी. दारात क्षणभर अडखळले. मास्तरांनी त्यांना मिठी मारायच्या आधी सवयीने खांद्यांवर पंजे ठेवून माप घेतलं आणि म्हणाले, "बारीक झालास." दोघांचेही डोळे भरले होते. मी लिंबं घेतली आणि आत पळाले, माझेही भरले होते म्हणून.

बैठक काय रंगली म्हणता! डॉक्टरीणबाईंना आणि मला गिमलेट, बेकरीवाल्याला मोहितो. भाऊजींनी टपालातल्या गमती सांगून बेकरीवाल्याला ठसका लावला. मग मास्तर टेबलामागे सरसावले. शेकर असा घुमवला की बाहेरून पांढरा पडला. उंच ग्लास, बर्फाचा एकच स्वच्छ तुकडा, वरून सोड्याची सळसळ. शेवटी काळ्या बाटलीतले चार थेंब. दोन्ही हातांनी त्यांनी तो ग्लास भावापुढे धरला आणि भाऊजींनी तो उचलला.

माझं लक्ष त्या काळ्या बाटलीकडे गेलं. संत्र्याच्या साली, लवंगा आणि दालचिनी त्या बाटलीत मुरत घातल्या होत्या. पण कशात? व्होडकात! मीच तर ओतली होती, माझ्या या हाताने! दर शनिवारी इतरांच्या पेयात हा अर्क पडायचा, आम्हाला तो मिठासारखा. एवढ्या ट्रायली झाल्या, पण त्यात दारू आहे हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"भाऊजी, थांबा! पिऊ नका!"

ग्लास ओठांपाशी तसाच राहिला. मी कसंबसं बोलले, "त्या थेंबांत... व्होडका आहे हो." मास्तरांनी बाटलीकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसले. "मी दिलं," म्हणाले. "माझ्या हाताने दिलं मी तुला."

भाऊजींनी ग्लास शांतपणे खाली ठेवला. "वास आला होता मला. या नाकाला फसवणं सोपं नाही, वहिनी."

"मग लगेच खाली का नाही ठेवलात?" मी जवळजवळ भांडलेच.

"दादाचं तोंड बघितलंत का तुम्ही? म्हटलं, चुकून सांडल्यासारखं करावं. सांडण्यात माझा हात कसा आहे, तुम्हाला माहीत आहेच."

हसावं की रडावं! डॉक्टरीणबाईंनी आपला ग्लास हळूच बाजूला सरकवला. बेकरीवाल्याने मोहितो टेबलाखाली धरला. मीही माझा उचलायला लागले. तेव्हा मात्र भाऊजींचा आवाज चढला. "हेच! हेच नकोय मला! कोणीही ग्लास ठेवायचा नाही. बैठक मोडलीत तर आत्ता उठून जाईन. आणि दादा, तू ऊठ. बाही चुकली तर कोट फेकून देतोस का? उसव आणि परत शिव."

मास्तर उठले. शेकर धुतला, नवा ग्लास घेतला, पुन्हा सगळं केलं, थेंबांशिवाय. भाऊजींनी घोट घेतला, विचार केला. "छान आहे. पण शेवटी जरा सैल सुटतंय."

"सुटतंय ना? बरोबर!" मास्तरांच्या अंगात एकदम वीज आली. "मलाही तेच वाटतंय! थांब, थांब, पिऊ नकोस!" संत्र्याची ताजी साल कापली, बेकरीवाल्याकडून काडी पेटवून घेतली आणि ज्योतीवर साल चिमटीत दाबली. चर्र करून एक ठिणगी उडाली, दुकानभर वास सुटला. ती साल ग्लासाच्या काठावर फिरवली आणि मिठाची कणभर चिमूट टाकली. "आता बघ!"

भाऊजींनी घोट घेतला. मग दुसरा. मग मान मागे टाकून ग्लास तळापर्यंत रिकामा केला आणि तो टेबलावर पुढे सरकवला.

"दादा, अजून एक."

एके काळी त्यांच्या तोंडून हे शब्द निघाले की मी निमूट उठून बाटल्या कपाटात कुलपात घालायचे आणि मास्तर खाली मान घालून बसायचे. आज मास्तर बर्फ फोडायला धावले, आणि मी भाऊजींनी आणलेली लिंबं चिरायला घेतली.