ऋणनिर्देशातली बायको

माझ्या टेबलावर एम.ए.च्या प्रकल्पांचा ढीग पडला आहे. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. वरचाच प्रकल्प एका अविवाहित मुलीचा आहे आणि ऋणनिर्देशात ती लिहिते, 'माझ्या पत्नीने मुलांना सांभाळलं, म्हणून हे लेखन पूर्ण झालं.'

तिला बोलावून ते वाक्य दाखवलं. ती हसलीच. "अय्या सर, हे राहिलंच की! लगेच काढते."

तिला लाज वाटली ती एक वाक्य राहून गेल्याची. बाकी सगळा प्रकल्प उचलला, त्याचं काहीच नाही. विभागप्रमुखांकडे गेलो, तर ते म्हणाले, "तेवढं पान बदलून घ्या हो. पोरीचं वर्ष कशाला घालवता?"

मी मात्र त्या अनोळखी बाईचाच विचार करत बसलो. कुठल्याशा घरात तिने खरंच पोरांना गप्प बसवलं असेल, नवऱ्याला लिहू दिलं असेल. या चोरीत शिक्षा झालीच तर तिला. प्रकल्पातून तीच तेवढी बाहेर जाणार.

संध्याकाळी नवं पान आलं. 'सरांनी बारकाईने वाचून चूक दाखवली, त्यांची मी आभारी आहे.'

अख्ख्या प्रकल्पात तिने स्वतः लिहिलेलं हे एकच वाक्य.