टिकलीखालचा दिवा

बायकोच्या टिकल्यांचं पाकीट दिसलं, की शेंद्रा गावातलं गॅरेज आठवतं. शाळा अर्धवट सोडून घरापासून लई लांब तिथं कामाला आलो होतो, अजून कामावर पक्का नव्हतो. एका टॅक्सीवाल्या काकांनी डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या पिवळ्या दिव्यावर चक्क टिकली चिकटवली होती. “दिसत नाय, म्हंजे बिघाड नाय!” काका हसले. मी स्कॅनर लावला, तर बिघाडाचा कोड हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आला. गॅरेजचे उस्ताद म्हणाले, “कोड म्हंजे नुसती तक्रार, बेटा. गुन्हेगार तू शोध. सापडला तर ऱ्हा, नाय तर गावाकडं जा.” सेन्सर न बदलता हट्टानं एकेक पाइप चाचपत गेलो. हवेचा पाइप उंदरानं कुरतडला होता, हवा मधेच गळत होती; सेन्सर बिचारा खरं तेच बोलत होता. “घरी फोन लाव,” उस्ताद म्हणाले, “म्हणावं, मी इथंच ऱ्हातोय.” आजही कोड आला, की आधी त्यांना मनातल्या मनात सलाम करतो, मगच बोनेट उघडतो.