फौजेच्या जाळ्यातल्या सुरगाठी

आमच्या घरात जाळ्याला हात न लावणारी एकच बाई होती, माझी थोरली जाऊ. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळे पसरलेले असले की ती मागच्या दाराने ये-जा करायची. त्याचे कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे कळेल.

तिला एकच मुलगा. तो आणि माझा मुलगा एकाच होडीवर जायचे. एका पहाटे जाळे सोडताना दोरीचा फास त्याच्या पायात बसला आणि जाळ्याच्या वजनाने तो खाली ओढला गेला. माझ्या मुलाने दोरी धरली, गाठ सोडवायला बघितली. ओल्या नायलॉनची निरगाठ बोटांनी सुटत नाही. होडीत सुरी होती, पण ती मागच्या डब्यात, सामानाच्या खाली. ती हाताला लागेपर्यंत दोरी त्याच्या हातातून सुटून गेली. नंतर जाळे ओढले तेव्हा तो जाळ्याबरोबर वर आला.

ती गाठ मी मारलेली होती. आमच्या वाडीत माझ्या गाठींचे नाव आहे. मी बांधलेले सुटत नाही, असे लोक म्हणतात. थोरलीला हे ठाऊक होते. ती मला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. दोन वर्षे आम्ही एका छपराखाली राहिलो आणि ती माझ्याशी मीठ मागण्यापुरतेही बोलली नाही.

मग एक दिवस कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतला एक शेडवाला आमच्या वाडीत आला. त्याला दोरकामाच्या बायका हव्या होत्या. दक्षिण अमेरिकेतला एक देश आपली फौज नवी करतोय, असे त्याने सांगितले. नव्या गाड्या, नव्या बंदुका, नवे बूट, सगळेच. आपल्याकडची एक कंपनी त्यांना गाड्या झाकायची जाळी देणार होती आणि त्यातले हातकाम ह्याने घेतले होते. जाळे मशीनवर विणून येणार. त्यात हिरव्या-तपकिरी कापडाच्या पट्ट्या ओवायच्या आणि चारी बाजूंनी जाड दोर बांधायचा, एवढे आमचे काम. देशाचे नाव त्याने सांगितले होते. मी इथे कोणाचेच नाव घालत नाही, तर त्याचेही नको.

"इतक्या लांबसून हय येवन गाठी मारून घेतंत?" एक शेजारीण म्हणाली. "थंय बायलमाणसां नाय काय?"

"आहेत ना," शेडवाला म्हणाला. "पण त्या आता फौजेत भरती होतात."

"मगे आमकाच भरती कर. गाठी पण मारू नि माणसां पण."

सगळ्या हसल्या. थोरली मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी मी तिला म्हटले, "बाय, ह्या मासे धरूचा जाळा न्हय. माणसां लपवूचा आसा. येतंस?" ती आत निघून गेली. पण सोमवारी सकाळी मी शेडवाल्याच्या टेम्पोपाशी गेले तर ती आधीच चपला घालून उभी होती.

कसालच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, "काच लाव गो. वारो लागता."

दोन वर्षांनी एवढेच. मी काच लावली.

शेडमध्ये आम्ही वीस-बावीस बायका होतो. चौथीपर्यंत का होईना शिकलेली आणि गाठीची पक्की म्हणून शेडवाल्याने मला तपासणीला ठेवले. पहिल्या दिवशी त्याने फोनवर एक फोटो दाखवला. माळावर मोठी गाडी उभी. मग दुसरा फोटो, तोच माळ, गाडी नाही. नीट बघितल्यावर कळायचे की झुडूप वाटते तीच गाडी, वरून जाळे घातलेली. बायका फोन हातोहात फिरवत होत्या. थोरलीने तो बराच वेळ धरून ठेवला.

"हेच्याखाली माणूस झोपता काय?" तिने विचारले.

"झोपतात, जेवतात. आठ-आठ दिवस तिथेच असतात."

"लढाय कोणावांगडा चललीहा?"

"सध्या कोणाशीच नाही. शेजारच्या देशांनी नवीन घेतले, म्हणून हेही घेतात."

"मगे आमच्या बंदरासारख्याच," मी म्हटले. "एकान मोठा इंजिन घेतल्यान काय सगळ्यांका व्हया."

शेडवाला म्हणाला, "मावशी, तसंच."

थोरलीने कामाला हात घातला आणि मला तिचे जुने हात दिसले. तरुणपणी आमच्या घरात जाळ्याचे काम तिनेच मला शिकवले होते. चार दिवसांत ती सगळ्यांच्या पुढे गेली. पोरींना ओरडायला लागली. "अशी दोरी धरतंस? केस विंचरतंस काय गो?" असे म्हणून त्यांच्या हातातून दोर काढून घ्यायची. दुपारी डबा उघडला की माझ्या सुक्या बांगड्याला नावे ठेवायची आणि त्यातलाच अर्धा उचलायची. टेम्पोत माझ्या शेजारी बसायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. घरी ती पुढच्या दाराने यायला लागली. जाळे खळ्यात असले तरी.

जाळ्याचे कोपरे सर्वांत अवघड. तिथे दोन दोर एकत्र येतात आणि सगळा ताण तिथेच बसतो. "कोपरे मी बांधतंय," ती म्हणाली होती. मी हो म्हटले.

मी सगळ्यांच्या गाठी तपासत होते. ओढून बघायची, सैल असली तर परत करायची. तिचे कोपरे मात्र कधी ओढून बघितले नाहीत. तिच्या गाठीवर शंका घ्यायची माझी छाती नव्हती. माझ्या गाठीने तिचा मुलगा नेलेला, आणि मी तिला सांगू की तुझी गाठ दाखव?

डिसेंबरात त्या देशाचा एक अधिकारी माल बघायला आला. साध्याच कपड्यांत होता, आमच्या मुलांच्याच वयाचा. पट्ट्या बघितल्या, रंग उन्हात धरून बघितला, मान हलवली. मग त्याने एका जाळ्याचा कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि झटका दिला. कोपरा सुटून हातात आला. दोर एका बाजूला, जाळे एका बाजूला. त्याने दुसरा कोपरा ओढला. तोही सुटला. दुसरे जाळे घेतले. तिथेही तेच.

शेडवाला धावत पुढे आला. "कोपरे कोणी बांधले?" त्याने विचारले. तो माझ्याकडे बघत होता, कारण तपासणी माझी.

मी खाली वाकून बघितले. सुरगाठ होती. वरून घट्ट दिसणारी, पण एक टोक ओढले की मोकळी होणारी. चुकून बसत नाही ती, मुद्दाम मारावी लागते.

"बाय, सुरगाठ मारलंस?" मी विचारले.

"मारलंय," ती म्हणाली. "खाली माणूस झोपतलो. काळोखात उठलो नि पाय अडाकलो तर? एक ओढ दिली काय सुटता."

अगदी सरळ सांगितले तिने, पोरींना काम शिकवताना सांगायची तसे. मला तेव्हाच गप्प बसता आले असते. पण अख्खा माल परत जाणार, वीस घरांतले काम जाणार, आणि बोट माझ्याकडे दाखवले जाणार, हेच माझ्या डोक्यात होते. मी सगळ्यांसमोर म्हटले, "हय कोण बुडाचो नाय गो. तुझो झील गेलो म्हणान सगळ्या दुनयेची जाळी सैल करतलंस काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

अधिकाऱ्याने शेडवाल्याला काहीतरी विचारले. शेडवाल्याने त्याला माझे बोलणे सांगितले नसावे. शिपायाचा पाय अडकेल अशी ह्या बाईंना भीती वाटते, एवढेच सांगितले असेल. तो माणूस हसला नाही. थोरलीकडे वळून त्याने आपल्या कमरेवर हात मारून दाखवला आणि हळू बोलला. शेडवाल्याने मराठीत सांगितले, "ते म्हणतात, काळजी करू नका. तिथे प्रत्येक शिपायाच्या कमरेला सुरी असते. आता नव्या सामानात सगळ्यांना नवी दिली आहे. स्वयंपाक्यालासुद्धा."

"सगळ्यांका?" थोरलीने विचारले.

"सगळ्यांना."

"आमच्या होडयेत एकच होती," ती म्हणाली. "डब्यात."

हे शेडवाल्याने त्या अधिकाऱ्याला सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. तिने हातातला दोर गुंडाळून जागेवर ठेवला, नळावर हात धुतले आणि बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोत जाऊन बसली. सुटायला अजून तीन तास होते. जाताना ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी आणि आणखी दोघींनी सगळे कोपरे सोडून पुन्हा बांधले. आठ दिवस लागले. एकही सुरगाठ राहू दिली नाही. माल गेला, पसंत पडला, त्यांची फौज नवी झाली असेल. त्याच आठवड्यात कुडाळच्या बाजारातून मी म्यानासकट एक सुरी आणली आणि माझ्या मुलाला सांगितले, ही कमरेला असल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. परदेशातल्या फौजेकडून शिकावी लागली, एवढीशी अक्कल आमच्या घरात कोणाला नव्हती. मलाही नव्हती.

थोरली पुन्हा मागच्या दाराने जायला लागली. एकदा पहाटे माझा मुलगा निघाला तेव्हा ती मागून पुढे आली, त्याच्या कमरेकडे बघितले, सुरीच्या मुठीला बोट लावले आणि परत गेली. माझ्याकडे बघितले नाही.

पुढच्या वर्षी ती आजारी पडली. पोटाचे होते, उशिरा कळले. शेवटचे दोन महिने तिचे सगळे मीच केले. मी पेज भरवायची तेव्हा ती तोंड उघडायची. पोट भरले की "पुरो" म्हणायची. दुसरे काही नाही. ती गाठ माझी होती, आणि त्या दिवशी शेडमध्ये बोलले तेही मीच, हे मला म्हणायचे होते. रोज मी वाटी घेऊन बसायची आणि रोज ते न म्हणताच वाटी धुऊन ठेवायची. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती. आदल्या रात्रीचे "पुरो" तेच शेवटचे.

माझा मुलगा अजून दर्यात जातो. निघताना मी पुढच्या दारात उभी असते.

"आये, मी काय फौजेत चललंय?" तो दर वेळी विचारतो.

"दाखव आधी," मी म्हणते.

तो सदरा वर करून सुरी दाखवतो आणि जातो. मागचे दार आता बंदच असते.