वाकडी रेघ

क्युबेक शहरातल्या आइस हॉकीच्या मोठ्या रिंकवर, म्हणजे बंदिस्त मैदानावर, बर्फ बसवायचं काम गाएतां लाबेर्जकडे होतं. खुर्च्या अठरा हजार, आणि त्या भरतील असा संघ मात्र एकही नाही. जुना संघ शहर सोडून गेला तेव्हा गाएतां तिशीचा होता. नवा येईल या आशेवर गावानं ही इमारत बांधली, आणि गाएतां दर शरदात असा बर्फ बसवायचा, की उद्याच मोठ्या लीगचा सामना असावा. खेळायला यायची कनिष्ठ गटातली पोरं.

त्या वर्षी लीगनं नवा संघ जाहीर केला, तो दक्षिणेतल्या एका वाळवंटी शहरासाठी. कारण काय, तर तिथं सत्तर लाख लोक राहतात आणि त्यांना अजून कुणी हॉकी विकलेली नाही.

"बर्फ फक्त सरबतात बघितलेल्यांना संघ!" गाएतां आठवडाभर तणतणत होता. त्यात तिथला बर्फ बसवायला नेमणूक झाली रेजांची, त्याच्या बायकोच्या धाकट्या भावाची. वीस वर्षं हाताखाली ठेवून गाएतांनंच त्याला तयार केलं होतं. गाएतांचा नुसता जळफळाट झाला. रेजांच्या निरोपाच्या जेवणातून तो पोट दुखतंय म्हणून अर्ध्यावर उठला.

"पोटात का दुखतंय ते सगळ्यांना कळलंय," त्याची बायको सोलांज वाटाण्याचं सूप वाढता वाढता म्हणाली.

ऑक्टोबरात रेजांचा फोन आला. "दाजी, बर्फाला घाम फुटलाय हो. चार दिवसांवर सामना आहे. काय करू?"

"त्या गावात सगळ्यांनाच फुटतो. सवय कर."

सामान आत घ्यायचं मागचं दार उघडं राहून बाहेरची गरम हवा आत येत असणार, हे गाएतांला ऐकताक्षणी कळलं होतं. तो बोलला नाही. त्याची लाजही त्याला वाटली नाही.

रविवारी दुपारी तो टीव्हीसमोर बसला, तो बर्फाची फजिती बघायला. पण रेजांनं मार्ग काढला होता. बर्फ कसा, तर दृष्ट लागावी असा. खुर्च्या खचाखच भरलेल्या. गाएतां दात-ओठ खात बघत होता. मग कॅमेऱ्यानं वरून मैदान दाखवलं, तसा तो उठून पडद्याला नाक लावून उभा राहिला.

"मधली रेघ वाकडी आहे."

"मला तर सरळ दिसते," सोलांज म्हणाली.

"टोकाला बघ. दोन बोटं डावीकडे."

रेघ रंगवण्याआधी ओला दोरा ताणून बर्फावर चिकटवतात. गाएतांच्या डाव्या हाताची तर्जनी स्केटच्या पात्याखाली अर्धी गेली होती, म्हणून शेवटी त्याचा दोरा थोडा सरकायचाच. रेजांची दहाही बोटं शाबूत होती. पण वीस वर्षं गाएतांचं बघून बघून त्याला वाटलं, रेघ अशीच काढायची असते.

सोलांज खळखळून हसली. "म्हणजे तुझीच की रे! सगळं गाव तुझ्या रेघेवर नाचतंय. कर फोन, कौतुक कर त्याचं."

सामना संपल्यावर त्यानं फोन लावला.

"दाजी! बघितलंत? कसा झालाय बर्फ?"

"बर्फ चांगला आहे. उद्या मधली रेघ तेवढी सरळ कर."

"का? आपण अशीच काढतो ना?"

"आपण नाही, मी काढतो. संघ त्यांनी नेला, तूही गेलास. वाकडी रेघ इथली आहे, रेजां. तेवढी तरी इथं राहू दे."